एर्मांसताईचा खोकला
"नाचून घामाघूम व्हायचं आणि तसंच गार वाऱ्यात उभं राहायचं! मग छातीची वाट लागेल नाहीतर काय?" तेओदूलदादा दवाखान्याच्या व्हरांड्यातच एर्मांसताईवर ओरडला. पन्नाशीची बाई, शाळेत शेकडो पोरांचं जेवण रांधणारी. पण दादापुढे मान खाली. मी तर भावंडांत सगळ्यांत धाकटी, मला कोण विचारतंय!

ताईची फुप्फुसं लहानपणापासून अधू. कफ, औषधं, पुन्हा कफ. पण कार्निव्हलचे शनिवार आले की ती नखशिखांत झाकून, मुखवटा चढवून नाचाला जायची. आमच्या कायेन शहरात मुखवट्यातल्या बाईने नाचायला हात पुढे केला की पुरुषाची नाही म्हणायची टाप नसते. एरवी "हो दादा, हो बाई" करणारी ताई तिथे हुकूम सोडायची.

त्या वर्षी खोकला बळावला, ताप हटेना. गरम अंगाला गार वारा लागला, असं सगळ्या नातेवाइकांनी ठरवून टाकलं. दादाने नाच बंद केला, नोकरीही सोडायला लावली. "घरी बस. अंगण झाडत जा, तेवढेच हातपाय हलतील."

आमचं घर टेकडीच्या रानाला लागून. झाडांवर स्लॉथ, ती दिवसभर न हलणारी आळशी जनावरं, लटकलेली; खाली त्यांच्या घाणीची सुकून धूळ झालेली. ताई रोज ती झाडायची, खोकायची, पुन्हा झाडायची. डॉक्टर जुन्याच जंतूंवरची औषधं बदलत बसले.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घराभोवती जनावरं आहेत का?" ताईने स्लॉथचं आणि रोजच्या झाडण्याचं सांगितलं. बाईंनी रक्त तपासलं. जनावरांच्या घाणीतून माणसाला होणारा क्यू ताप निघाला.

"बहुतेक त्या धुळीतूनच आलाय, आणि रोज झाडून वाढलाय. फुप्फुसं आधीच अधू, त्यात ह्याने जुनं दुखणंही चाळवलं."

"आणि माझं नाचणं?" ताईने विचारलं.

"नाचण्याचा काय संबंध?"

दादा औषधांची चिठ्ठी उचलून बाहेर निघून गेला. अस्सा राग आला मला त्याचा!

नव्या गोळ्यांनी ताप गेला; गेलेली फुप्फुसं गेलीच. ताई आता नाकाला ऑक्सिजनची नळी लावून खिडकीशी बसते. कार्निव्हलच्या रविवारी दुपारी खालच्या रस्त्यावर ढोल वाजू लागले. दादाने लगबगीने खिडकी लावून घेतली.

"गार वारा सुटलाय गं."

"उघड ती," ताई म्हणाली. "आता वाऱ्याने न्यावं असं काय उरलंय माझ्यात?"

दादाने मुकाट्याने खिडकी उघडली.