दस्त्यावरची चिमणी

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. आज माझा लाकडी दस्ता आरशासारखा चमकतो. पाहुणे कौतुक करतात आणि मला मान खाली घालावीशी वाटते. बंदुकीला मान नसते, एवढेच.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी रांगेत उभ्या होत्या. कोणती कोण, हे कुणालाही ओळखता आले नसते. मग मी एका तरुण शिपायाच्या हाती आले. घरी तान्ही मुलगी ठेवून तो आला होता. निघण्यापूर्वी तिच्या लाकडी खुळखुळ्यावर त्याने एक चिमणी कोरली होती. छावणीत बसल्या बसल्या तशीच चिमणी त्याने चाकूच्या टोकाने माझ्या दस्त्यावर कोरली, नेम धरताना तो जिथे गाल टेकवायचा तिथे. शेपटी वाकडी, पाय एकच. सोबती तिला कोंबडी म्हणून चिडवायचे. पण त्या दिवसापासून मी त्याची झाले.

मी माणसांवर चालले, हे लपवत नाही. लढाईतून मी परतले, तो परतला नाही.

पुढे बरीच वर्षे मी गोदामात गंजत पडले. शेवटी जुन्या बंदुका जमवणाऱ्या एका निवृत्त फिटरने मला घरी आणले. गल्लीतली मुले त्याला ठासणीकाका म्हणत. बंदुका बाजारात पोत्याने मिळतात, त्यांच्यामागचा माणूस मिळत नाही, असे तो म्हणायचा. पितळी पट्टीवरच्या क्रमांकावरून त्याने माझ्या शिपायाचे घर शोधून काढले आणि दस्त्यावरच्या चिमणीबद्दल तिथे कळवले.

माझी देखभाल मात्र त्याची बायको, म्हणजे काकू, करायच्या. मऊ फडके, जवसाच्या तेलाचा थेंब, आणि मग चिमणीच्या कडेने हलके फिरणारे बोट. बंदुकांना तेल मिळते आणि दाराची बिजागरी वर्षभर कुरकुरते, असा टोमणा काकांना रोज ठरलेला. लाकडाला खरखरीत पॉलिश पेपर लावायचा नाही, हा काकूंचा एकच दंडक होता.

मग काकू गेल्या. घर गप्प झाले. आमच्यावर धूळ साचली. बिजागरी कुरकुरली तरी बोलणारे कुणी उरले नाही.

अशात निरोप आला की शिपायाची पणती मला पाहायला येणार आहे. काका गडबडले. बायको असती तर सगळे लख्ख असते, असे पुटपुटत त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि घासत सुटले. डोळे भरलेले होते, समोरचे दिसत नव्हते. हात थांबवला की करायला काहीच उरत नव्हते, म्हणून ते थांबले नाहीत. डाग गेले, काजळी गेली आणि चिमणीही गेली. मित्रांनो, खरे सांगते, तेव्हा मी चमकले म्हणून मला आनंद झाला होता.

पणती शिवणकाम करणारी होती. रुमालात गुंडाळून तिने तो खुळखुळा आणला होता. तिची आजी म्हणजेच ती तान्ही मुलगी; तिला वडील आठवत नव्हते. वडील म्हणजे ती चिमणी, एवढेच तिला ठाऊक होते. दोन्ही चिमण्या एकदा शेजारी ठेवायच्या, म्हणून पणती आली होती.

तिने दस्ता उलटसुलट करून पाहिला.

"लाकूड जुनं आहे. झिजली असेल," काका म्हणाले.

"असेल हो. काळापुढे कुणाचं चालतं?"

तिने लगेच विश्वास ठेवला, तेच काकांना सोसले नाही. चहा आणतो म्हणून ते आत गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

"काळानं नाही, ताई. मी घासली. बायको गेली, आणि हाताला काहीतरी काम हवं होतं."

तशीच चिमणी पुन्हा कोरून देतो, असे काका म्हणाले.

"नको. ती तुमची चिमणी होईल." मग तिने हळूच विचारले, "होती कुठं?"

काकांनी डोळे मिटले आणि काकूंचे बोट जसे फिरायचे तसे आपले बोट फिरवले. "इथून बोट फिरवायला लागायची ती. ही चोच. इथं शेपटी वळायची."

"पाय एकच ना?"

"एकच."

तिने खुळखुळा तिथे टेकवला. तो किंचित वाजला.

आता कुणी माझ्या चकाकीचे कौतुक केले की इथे एक चिमणी होती, हे काका आधी सांगतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण बोटाला काही खरखरीत लागले, तर हात थांबवा. तिथे कदाचित कुणीतरी असेल.