लसणाचा अर्क आणि माझं पोट

मी संशोधन केंद्राच्या गोठ्यातली अकरा नंबरची गाय बोलतेय. माझ्या डाव्या कुशीला बशीएवढं रबरी झाकण आहे. घाबरू नका, दुखत नाही. ते उघडलं की थेट माझ्या पोटात हात घालता येतो. माणसांच्या पोटातलं कुणाला कळत नाही. माझ्या पोटातलं मात्र कुणीही येऊन बघून जातं.

मी जन्मले याच गोठ्यात. आई तासन्‌तास एका जागी बसणारी. मी मात्र पहिल्या दिवसापासून पाय बदलायचे, दावं ताणायचे. गोठा सांभाळणारे मामा मला चुळबुळी म्हणू लागले. झाकण बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगून पाहिलं, की ही धड उभी राहायची नाही, दुसरी बघा. पण माझी भूक दांडगी, म्हणून बाईंनी मलाच निवडलं.

बाई वनस्पतींच्या अर्कांवर काम करायच्या. चारा आंबताना आमच्या पोटात वायू धरतो. त्यात खाल्लेल्याचं बळ वाया जातं, ढेकरांवाटे तो बाहेर पडला की हवाही बिघडते. औषधांऐवजी लसूण, लवंग, ओवा यांचा अर्क खुराकात मिसळून तो वायू कमी होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पहिला मान लसणाला मिळाला.

गव्हाणीत तोंड घातलं आणि नाकाला झिणझिण्या आल्या. चार घास खाल्ले, बाकीचं तसंच. रोज तेच. दुधालाही वास लागला. चहाला फोडणी कुणी दिली, असं कारकुनाने विचारलं आणि सगळे हसले. माझा मात्र जीव कासावीस व्हायचा. भूक असायची, पण खाववत नसे. रवंथाला पोटात काही नसे. नुसती या पायावरून त्या पायावर होत राहायचे.

कागदावर मात्र आनंदीआनंद होता. वायू तिसऱ्या हिश्श्याने घटला होता. केंद्राचे मोठे साहेब खूश झाले, परिषदेत वाचायचा अहवाल तयार झाला. माझ्या पोटात हात घालताना बाई गुणगुणायला लागल्या.

मामा दोन दिवस त्यांच्या आजूबाजूला घुटमळत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

"बाई, वायू कमी होणारच. तिच्या पोटात जातंय कुठे काही?"

बाईंनी वही दाखवली. उरलेल्या खुराकाचं रोज सकाळी वजन होत होतं आणि रोज उरलेलं शून्य होतं. मामांनी मान खाली घातली.

"वजन करणारा यायच्या आधीच मी गव्हाण साफ करतो. वास सुटायचा, म्हणून उरलेलं खताच्या खड्ड्यात टाकत होतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाईंनी हात बाहेर काढला आणि त्या पालथ्या बादलीवर बसल्या. हातमोज्यावरून पाणी निथळत होतं. मामांना वाटलं, आता नोकरी गेली.

"उरलेलं ठेवायचं असतं, हे तुम्हाला सांगणं माझं काम होतं," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं नाही."

मग त्या तडक साहेबांकडे गेल्या. पुढचं मला मामांकडून कळलं. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव छापून झालंय, थोडं सांभाळून घ्या, असं साहेब म्हणाले. बाईंनी नाव खोडायला सांगितलं आणि अहवाल परत घेतला. त्यानंतर बरेच दिवस साहेब गोठ्याकडे फिरकले नाहीत.

पंधरा दिवस मला साध्या चाऱ्यावर ठेवून मोकळ्या आवारात सोडलं. खाऊन खाऊन माझी कूस पुन्हा वर आली.

आता नवा प्रयोग सुरू झालाय. अर्क पूर्वीच्या चौथाईवर आणलाय, वर गोडीला थोडी उसाची मळी. आज चौथा दिवस. मी खातेय, पण जपून. उरलेलं मामा स्वतः तोलतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. वायू घटला की नाही, हे बाई सांगत नाहीत. त्यांनाही अजून कळलेलं नाही. सकाळी आल्या की त्या आधी मी रवंथ करतेय का ते बघतात, मग झाकणाला हात लावतात.

त्या बघा, हातमोजा चढवतायत. माझा मागचा पाय लागला हलायला. आज काय निघेल कोण जाणे. लसणात गुण असेल, लवंगेत असेल; शोधा जरूर, माझी कूस उघडीच आहे. पण मी खाणं टाकलं, तर तेही माझं उत्तरच असतं. तेवढं वहीत लिहून घेत जा.