नमुना अ, नमुना ब

लेन्सचं झाकण तिच्या तळहातावर पालथं पडलं होतं. काळं, गुळगुळीत, आतल्या बाजूला एक बारीक पांढरा केस चिकटलेला, बहुधा तिचाच. ते दोन नव्या कॅमेऱ्यांपैकी कुणाचं, हे काही केल्या तिला आठवेना. दोघेही समोर टेबलावर उघड्या डोळ्यांनी बसले होते. एक जाडजूड, धरला की मूठ भरून टाकणारा, आणि दुसरा लहानखुरा, चपटा, कुठेही मावेल असा. कालपासून ती मनातल्या मनात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत होती. विक्रेत्याने ते एका दिवसापुरते वापरून बघायला ठेवले होते. संध्याकाळी पाचला तो न्यायला येणार, आणि त्याआधी तिने एका कागदावर लिहून द्यायचं, की त्वचारोग विभागाला यांतला कोणता सोयीचा. कागदाला दोन नमुना फोटो जोडायचे, अ आणि ब.

जुन्या कॅमेऱ्याच्या आतला आरसा गेल्या महिन्यात वर जाताना अर्ध्यावरच अडकला होता. दुरुस्तीवाल्याने तो हलवून पाहिला, कानाशी नेऊन पाहिला आणि म्हणाला, "बाई, याचे सुटे भाग आता येत नाहीत. आता सगळे बिनआरशाचे." बिनआरशाचे... तो शब्द तिला तेव्हा उगाचच आवडला होता. पण सकाळी थोरल्याला डोळा लावला आणि कळलं, की यात समोरचं माणूस दिसतच नाही. दिसतं ते त्याचं छोट्याशा पडद्यावरचं चित्र, किंचित उशिरा हलणारं. जुन्यातून निदान उजेड तरी सरळ डोळ्यात यायचा...

खोली मार्गिकेच्या टोकाला होती, बिनखिडकीची. भिंतीवर राखी कापड, दोन दिवे, एक फिरतं स्टूल, आणि पेशंटने पाय कुठे ठेवायचे ते दाखवणारी जमिनीवरची पिवळी पट्टी. एकोणीस वर्षं ती इथे कातडीचे फोटो काढत आली होती. चट्टे, पुरळ, भाजल्याचे वण, पांढरे डाग, तीळ. तोच उजेड, तेच अंतर, शेजारी चिकटवलेली कागदाची इवलीशी मोजपट्टी. चेहरा आला तरी तो चेहरा नसायचा, कपाळ असायचं, गाल असायचा, हनुवटी असायची. पेशंट तिला फोटोताई म्हणत. तिचं नाव बिल्ल्यावर होतं, पण बिल्ला वाचायला कुणी येत नाही.

काल विभागप्रमुख मॅडम दारातूनच म्हणाल्या होत्या, "असं बघा, जो कुणालाही चालवता येईल तो घ्या. सिस्टरनी उचलला आणि टिपला, इतकं सोपं हवं."

"मग मी?"

"तुम्हाला काय, रेकॉर्ड रूममध्ये बसायचं आरामात. पाय दुखतात म्हणता ना?"

दुखतात म्हणाले होते खरी मी. पण कुणी इतक्या प्रेमाने आपल्या हातातलं काम काढून घेतं तेव्हा नाही कसं म्हणायचं, हे मला कधी शिकवलंच नाही कुणी.

पेशंट दहाला सुरू होत. साडेआठ वाजले होते, आणि तुलना करायची तर कातडी हवी, कारण भिंतीवर आणि रंगांच्या तक्त्यावर सगळेच कॅमेरे शहाण्यासारखे वागतात. तिने दार लोटलं, डाव्या पायाचा मोजा खाली ओढला. डाव्या पोटरीवर एक तीळ होता, लहानपणापासूनचा. आई म्हणायची, पोरीच्या पायाला भिंगरी आहे, जगभर फिरेल. फिरले की... घर ते ही खोली, ही खोली ते घर. तिने तिळाखाली मोजपट्टी चिकटवली, थोरल्याला तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवून दहा सेकंदांची वेळ लावली आणि स्टुलावर गुडघा टेकवून पाठमोरी उभी राहिली. टिक, टिक, टिक. मग त्याच जागी धाकटा.

थोरल्याचा फोटो पाहून तिला बरं वाटलं. पोटरी गव्हाळ, भरलेली, आपल्या वयाला न शोभेलशी तजेलदार. तीळ तपकिरी, गोलसर, कुणी हलकेच बोट टेकवून काढावा तसा. थोरला म्हणजे अगदी तिच्या थोरल्या दिरांसारखा, कुणाला वाईट वाटेल असं मेला एक शब्द बोलायचा नाही. मग तिने धाकट्याचा फोटो उघडला. मोठा केला. अजून मोठा केला.

कड फाटली होती. ओल्या कागदाचा तुकडा फाडावा तशी एका बाजूने, आणि तिथे एक खाच. तपकिरीच्या आत काळं, आणि काळ्याच्या शेजारी निळसर राखाडी, दुधात शाई सांडावी तसं काहीतरी... मोजपट्टीवर नऊ मिलिमीटर. तिने आधी आकडा वाचला आणि मग तो पाय कुणाचा हे तिला आठवलं.

रंग चुकलाय, ती स्वतःशीच म्हणाली. नवा कॅमेरा, निळ्याकडे झुकतोय. तिने रंग जुळवायचं करडं कार्ड काढलं, दोघांचाही पांढऱ्याचा तोल नव्याने जुळवला, एक दिवा हातभर मागे सरकवला. थोरल्याच्या आत कुठेतरी त्वचा सौम्य दाखवायची एक सोय चालू राहिली होती, ती शोधून बंद केली, कारण तुलना करायची तर दोघांना एकाच पायरीवर उभं करायला हवं, एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही असं करून चालत नाही. मग पुन्हा मोजा, पुन्हा स्टूल, पुन्हा दहा सेकंद.

आता दोघांनीही एकच सांगितलं. तीच खाच, तोच निळा. थोरला खोटारडा नव्हता. त्याला कुणीतरी गोड बोलायला सांगून ठेवलं होतं, इतकंच.

कसोट्यांची यादी तिने सकाळीच कागदावर आखली होती: वजन, पकड, पडदा, रंगांचा खरेपणा. रंगांचा खरेपणा या ओळीसमोर दोघांनाही तिने सारखेच गुण दिले. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचा तिला थोडा राग आला.

दहाला पहिला पेशंट आला, बसचालक, दोन्ही हातांच्या तळव्यांना भेगा. त्याने पिवळ्या पट्टीवर उभं राहून तळवे पुढे केले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "फोटोताई, मागच्यापेक्षा बरं दिसतंय ना?"

"डॉक्टर सांगतील."

"तुम्ही रोज बघता. तुम्हाला त्यांच्याआधी कळत असणार."

"मला कुठलं कळतंय, मी आपली फोटो काढणारी." ती हसली. धाकटा खरंच हलका होता; एका हातात धरून दुसऱ्या हाताने पेशंटचं बोट सरळ करता येत होतं. थोरल्याचा पडदा मात्र बाजूला उघडायचा, वाकून मान मोडावी लागत नसे. बसचालक जाताना म्हणाला, "हा बारका बरा, आवाज करत नाही. जुना खाडकन वाजायचा, मी दचकायचो."

मला कुठलं कळतंय... हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल? मास्तरांनाही म्हटलं होतं. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. त्यांचा तीळ पाठीवर होता, खांद्याच्या हाडाखाली, त्यांना स्वतःला कधीच न दिसलेला. दर दोन महिन्यांनी शर्ट काढून पाठमोरे उभे राहत आणि विचारत, "काय म्हणतंय आमचं बिऱ्हाड? भाडं देत नाही आणि जागा वाढवत चाललंय." तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मध्ये कड बदलली होती. तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि तिला ते दिसलं, स्वच्छ, भिंतीला गेलेला तडा दिसावा तसं. डॉक्टरांची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील." मास्तर म्हणाले, "बरोबर आहे, ज्याचं काम त्याने करावं." सातव्या फोटोला ते आलेच नाहीत. कागद न्यायला त्यांची बायको आली. तिने फोटो मागितले, आणि मग पाकीट न उघडताच म्हणाली, यांत चेहरा नाही का कुठे?

चेहरा नव्हता. सहा फोटो, आणि सहाही पाठीचे.

दुपारी घरून फोन आला. नवरा निवृत्त झाल्यापासून रोज या वेळी फोन करत असे, काहीतरी विचारायचं म्हणून विचारत असे. "कोणता ठरला?"

"अजून नाही."

"काल जेवताना तू सांगितलंस ना, त्यावर मी विचार केला. हातात बसेल तो घे. बाकी सगळं सवयीचं असतं."

तिने डबा मिटला. "अहो, माझ्या पोटरीवर तीळ आहे. माहीत आहे तुम्हाला?"

"आहे की. डाव्या. मध्यंतरी जरा मोठा वाटला मला. म्हटलं विचारावं... मग म्हटलं, तू तर तिथेच असतेस दिवसभर, सगळ्या डॉक्टरांत. तुला माहीतच असणार."

"कधी? मध्यंतरी म्हणजे कधी?"

"पंखा पुसायला तू स्टुलावर चढली होतीस बघ. उन्हाळा असेल. का गं?"

उन्हाळा. म्हणजे आठ-नऊ महिने. त्याने पाहिलं, आणि तो गप्प राहिला, कारण ते त्याचं काम नव्हतं. तिला त्याच्यावर चिडायचं होतं. सगळी तयारी होती, शब्दही ओठांवर होते, पण चिडायचा हक्क शोधायला गेलं तर तो कुठे सापडेना. "काही नाही," ती म्हणाली. "औषध घेतलंत?"

चारच्या सुमाराला तिने कागदाला जोडायचे नमुना फोटो निवडायला घेतले. बसचालकाचे तळवे होते, एका मुलीच्या कानामागचा चट्टा होता, दोन्ही चांगले होते आणि दोन्हींच्या खाली फाईल नंबर होता. तिने ते बाजूला ठेवले. पोटरीचे दोन निवडले, अ थोरल्याचा, ब धाकट्याचा, आणि संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. का लावले? नंतर तिने स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. आपण सांगायचं नाही, पण कुणीतरी आपल्या हातून काढून घ्यावं... चोर असेच पकडले जात असतील.

मॅडम घाईतच आल्या, उभ्या उभ्याच चष्मा चढवला. "ब जास्त चांगला. कड बघा किती स्पष्ट आलीये." आणि मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "हा पेशंट कोण?"

"नंबर लिहायचा राहिला."

"तुमचा? कधी राहत नाही तुमचा."

"आज राहिला."

मॅडमनी फोटो मोठा केला. "बाई आहे. पन्नाशीची. शिरा बघा, दिवसभर उभं राहायचं काम असणार. मोज्याचा वळ आहे इथे." त्या पडद्यावर बोट फिरवत होत्या, आणि तिचा डावा पाय टेबलाखाली, त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर, मोज्याच्या आत गरम झाला होता. आता वळतील, तिला वाटलं. आता मान वळवतील आणि माझ्याकडे बघतील. "बरेच महिने अंगावर काढलंय बाईनं. शोधून काढा हिला. आजच्या आज."

"उशीर झालाय का?"

एकोणीस वर्षांत तिने हा प्रश्न कुठल्याच फोटोबद्दल विचारला नव्हता. मॅडमच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. पण ते पाहणं फोटोताईकडे होतं, बाईकडे नव्हतं.

"नुसत्या फोटोवरून कसं सांगणार? तुकडा काढून तपासायला हवा. पण मला हे आवडलेलं नाही." त्या उठल्या. "आणि कॅमेऱ्याचं लिहून टाका. ब म्हणते मी, पण चालवायला अवघड असेल तर अ. तुम्ही ठरवा." बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

तिने कागद पुढे ओढला. धाकट्याचा फोटो अधिक बोलका होता, वजन निम्मं होतं, आवाज नव्हता. मला विचाराल तर माझ्या हाताला धाकटाच. तिने लिहिलं: नमुना अ सोयीचा. पडदा बाजूला उघडतो, बटणांवरच्या खुणा ठळक आहेत, फोटो काढण्याची सवय नसलेली व्यक्तीही तो पहिल्या दिवसापासून वापरू शकेल. लिहिताना तिला दिसत होती कुणीतरी सिस्टर, अवघडलेली, मोठ्या मुठीचा कॅमेरा दोन्ही हातांनी धरलेली, आणि पिवळ्या पट्टीवर पाठमोरे उभे दोन पाय. तिने सही केली. सहीत नाव होतं.

भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, किंवा रडू तरी येईल. दोन्ही आलं नाही. उलट मघाशी मॅडम बोलत होत्या तेव्हा, वय, शिरा, उभं राहणं, अंगावर काढणं असं एकेक बरोबर ओळखत होत्या तेव्हा, ती श्वास धरून ऐकत राहिली होती, एखाद्या लांबच्या बाईबद्दल ऐकावं तसं. इतकं नेमकं कुणी तिच्याविषयी कधीच बोललं नव्हतं... आणि त्या काही न ओळखता निघून गेल्या तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटकेचीच आता तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, अजूनही ती सुटका होतीच. बाईला शोधायचं होतं. आजच्या आज. आणि मला त्याची अजिबात घाई नव्हती. पाच वाजायला वीस मिनिटं होती. तेवढ्या वेळेपुरती तरी ती बाई कुणाचीच कुणी नव्हती, आणि ती वीस मिनिटं मी इथेच बसून, तिला न शोधता घालवणार आहे, हे मला आत्ताच कळून चुकलं होतं.