चौथी जागा

“हे कुणी लिहिलंय, की कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय?” स्क्रीनला नाक टेकवून मला वाचताना चष्मेवाला पुटपुटला. शेजारच्या खुर्चीतली ताई हसली नाही. मला तिनेच लिहिले होते.

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे, अक्षरांची. संगणकवाले मला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या ओळींत रुग्णाचा क्रमांक ओळखायचा आणि रिपोर्ट वॉर्डात धाडायचा, हे माझे काम. जुळली नाही ती ओळ मी टाकून देते, हूं की चूं न करता.

ओळी चार तऱ्हेच्या: रक्ताच्या, लघवीच्या, थुंकीच्या आणि तातडीच्या. क्रमांक मात्र सगळीकडे सारखाच, एक अक्षर आणि पाच अंक. ताईने त्याचा साचा एकदा लिहिला आणि पुढे तीनदा तसाच चिकटवला. घरी जाऊन आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते ना. तीन वर्षे मी एक ओळ चुकवली नाही. सगळ्यांनी कौतुक केले, आणि मग मला उघडून पाहणेच सोडले.

पुढे रुग्ण वाढले, पाचाचे सहा अंक झाले. ताईने पहिली जागा बदलली, दुसरी बदलली, तिसरी बदलली. तेवढ्यात आईचा फोन आला.

त्याच आठवड्यात रुग्णालयाची लिफ्ट चालवणारे काका स्वतःच रुग्ण म्हणून दाखल झाले. रक्तातले पोटॅशियम जिवावर बेतेल इतके वाढले होते. तातडीची ओळ आली, सहा अंकांची. मी ती टाकून दिली. वॉर्डातली सिस्टर दुपारभर विचारत राहिली, “काकांचा रिपोर्ट कुठाय?” प्रयोगशाळेतून उत्तर यायचे, “पाठवलाय की. नीट बघा.” संध्याकाळी तिने विचारणे थांबवले.

मित्रांनो, एकच साचा पुन्हा लिहायची वेळ आली, तर त्याला नाव द्या आणि लागेल तिथे त्या नावाने हाक मारा. मग बदलही एकदाच करावा लागतो. माझ्यासारखीच्या पोटात तेच ते चारदा कोंबू नका. माणूस एखादी जागा विसरतोच.

चष्मेवाला मला वाचत होता, तेव्हाच काकांच्या घरून काकू आल्या. “मशीन जुनं आहे,” प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. “नेटवर्कही जातं मधूनमधून,” चष्मेवाला म्हणाला, मला नुकतेच वाचूनसुद्धा.

“रिपोर्ट झाला होता ना?” काकूंनी विचारले. “मग गेला कुठे?”

ताईने स्क्रीन काकूंकडे वळवली आणि माझ्या चौथ्या जागेवर बोट ठेवले.

“इथे अडला, काकू. चार ठिकाणी बदलायचं होतं, मी तीनच ठिकाणी बदललं. काका माझ्यामुळे गेले.”