टीव्हीवरचा दोरो

“अगं बाई, हा माझा भाऊ गातोय की गटार उपसायचा पंप?” पासिंगने दोन्ही कानांवर हात ठेवले.

टीव्हीवर दोरो गात होता. चेहरा स्वच्छ दिसत होता, पण आवाज फाटून, घरघरत, एकावर एक आदळत येत होता. आज त्याचं वर्षश्राद्ध होतं. सकाळची प्रार्थना आटोपली होती. त्याच्या बायकोने, हर्मिनियाने, वर्षभराचे दुखवट्याचे काळे कपडे उतरवून फुलाफुलांचा झगा घातला होता. इलोइलो शहरातल्या त्या गल्लीतली माणसं नूडल्सच्या ताटल्या घेऊन जागा मिळेल तिथे बसली होती.

“रेकॉर्डिंगच खराब झालंय, वहिनी,” शेजारचा निलो म्हणाला. आपल्या भावाच्या लग्नात दोरोने गायलेलं हे गाणं तोच कॉम्प्युटरवर घेऊन आला होता. “जाऊ दे. चित्र तर आहे ना?”

“चित्र भिंतीवर टांगलंय की. मला आवाज हवाय.”

जन्मभर लोकांचे कपडे धुतलेली हर्मिनिया कधी हट्टाने काही मागत नसे. पण अलीकडे दोरोचा आवाजच तिला आठवेनासा झाला होता. चालणं आठवे, घामाचा वास आठवे. आवाज काही येत नसे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्याचा आवाज फक्त या एका गाण्यातच उरला होता.

“निलो, ती वायर काढ. नुसत्या कॉम्प्युटरवर लाव.”

निलोने वायर उपटली. कॉम्प्युटरमधून डासाएवढा, पण अगदी धड आवाज आला. हर्मिनियाने कान जवळ नेला.

“तो नीट आहे रे,” ती म्हणाली. “बिघाड आपल्याकडेच आहे.”

पासिंग आता वाकून बघत होती. “अरे शहाण्या, वायर कुठे खुपसली होतीस?”

“कराओकेत. समोरच्या भोकात. सगळे तिथेच खुपसतात.”

“ते माइकचं आहे!”

गल्लीत घरटी कराओके. हातात वायर आली की कुणाचाही हात समोरच्या भोकाकडेच जायचा. माइकचा आवाज क्षीण असतो, म्हणून ते यंत्र तो फुगवतं. इथे कॉम्प्युटरचा आधीच चढवलेला आवाज ते आणखी फुगवत होतं.

“आणि हे घुमवायचं बटण एवढं कुणी फिरवलं?” निलोने विचारलं.

“मी,” पासिंग म्हणाली. “माझा गळा त्यात बरा लागतो.”

“कोण म्हणालं?” मागून कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

निलोने वायर मागच्या भोकात लावली, कॉम्प्युटरचा आवाज निम्म्यावर आणला, ते बटण पार उलटं फिरवलं.

दोरो गायला लागला. बेसूर, एक ओळ विसरून, पण दोरोच. पासिंग हसता हसता रडू लागली. हर्मिनिया डोळे मिटून ऐकत होती. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं तिला वाटलं.

गाणं संपलं. रेकॉर्डिंग चालूच आहे हे दोरोला माहीत नव्हतं. माइक खाली ठेवता ठेवता त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवून बायकोला तिच्या लाडक्या नावाने हाक मारली,

“मिनांग, जेवलीस का गं?”

त्या दिवशी ती आत भांडी घासत होती. ही हाक तिला ऐकूच गेली नव्हती.

“बसते आता,” हर्मिनिया म्हणाली, आणि तिने ताटली पुढे ओढली.