नजीर पिंजाऱ्याची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मेहकरच्या दवाखान्यात खिडकीशेजारच्या फळीवर उभी असते. आत काही नाही. पण मित्रांनो, मी नेहमीच रिकामी नव्हते.

आपला मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्या काळी मी शकूरमियांच्या दुकानात पेपरमिंटच्या गोळ्या सांभाळायची. मुलं माझ्या पोटाला नाक लावून उभी राहत. एके दिवशी डॉक्टर रंगरावांनी मला विकत घेतलं. दवाखान्यात घट्ट झाकणाचं काचेचं भांडंच नव्हतं. पुढे शकूरमिया औषधाला आले की चिडवत, "डॉक्टरसाहेब, माह्या दुकानात पोट्टे हिच्याकडे पयत येत. तुमच्याकडे आली, तं हिले पाहून पयून जातात!"

पळणार नाहीत तर काय? आता माझ्यात औषधी पाणी होतं आणि त्या पाण्यात माणसाच्या यकृताचा तुकडा होता.

तो नजीर पिंजाऱ्याचा. जन्मभर कापूस पिंजणारा हा माणूस आतड्यात गाठ होऊन, पिवळा पडून याच दवाखान्यात वारला. अशी माणसं रंगरावांनी बरीच पाहिली होती. आतड्यातला रोग यकृतात उतरतो, हे त्यांना दिसत होतं. शहरातले मोठे डॉक्टर मात्र म्हणत, खेड्यापाड्यांत हा रोग नसतोच. पुरावा हवा होता. म्हणून रंगरावांनी नजीरच्या बायकोपुढे, अजीजुन्निसापुढे, हात जोडले.

ती म्हणाली, "मातीत माणूस पुरा जायले पायजे, साहेब. पण दुसऱ्या कोनाचा नवरा वाचत असंन, तं घ्या. उसना देऊन राह्यली बरं! काम झालं का वापस करा. त्याच्या कबरीत ठेवीन."

"शब्द देतो, भाभी," रंगराव म्हणाले.

ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी तुकड्याचा पातळ काप काढला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि लेखासोबत मुंबईला पाठवला. लेख छापून आला तेव्हा कंपाउंडर तुळशीरामानं पेढे वाटले. मला टिचकी मारून म्हणाला, "नशीबवान हायेस वं!"

शब-ए-बरात जवळ आली. त्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरींवर जायचं असतं. अजीजुन्निसा स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं घेऊन आली.

"झालं काय काम?"

"थोडं राहिलंय, भाभी. दुसरा लेख लिहितोय."

दुसऱ्या लेखाला नवा काप लागला. तिसरा विलायतेला जायचा होता. तिथल्या लोकांनी आणखी काप मागवले. गेलेले काप परत येत नसत. रंगरावांचं नाव वाढत गेलं आणि माझ्या पोटातला तुकडा लहान होत गेला. मला कळत होतं. पण मी काच, ओरडू कशी? दरवर्षी ती येई आणि फडकं तसंच परत नेई.

मग एका दुपारी रंगरावांनी माझ्यात चिमटा घातला. एकदा ढवळलं, पुन्हा ढवळलं. चिमट्याला काही लागलं नाही. ते तसेच उभे राहिले.

अजीजुन्निसा आली तेव्हा वयामुळे तिला नीट दिसत नव्हतं. तिनं मला दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे धरलं.

"यात तं पाणीच हाये."

रंगरावांनी छापील लेख तिच्यापुढे ठेवले. "भाभी, तो आता यात आहे."

"त्याचं नाव कुठी हाये?"

लेखांत लिहिलं होतं, 'एक पिंजारी, वय पन्नास.' नाव फक्त डॉक्टरांचं होतं.

"मंग कोनी वाचलं काय, साहेब?"

"अजून नाही."

तिनं फडक्याची घडी केली. मला जागेवर ठेवताना माझं झाकणसुद्धा नीट लावलं. पुन्हा ती आली नाही.

त्यानंतर रंगरावांनी काही लिहिलं नाही. त्यांची बदली झाली. मागे राहिलेले लेख वाळवीनं खाल्ले. मला घासूनपुसून पाहिलं, पण वास जाईना. मग कुणी माझ्यात साधी हळकुंडंही ठेवली नाहीत.

मित्रांनो, शिका, शोध लावा, नाव मिळवा. पण कुणी विश्वासानं काही उसनं दिलं, तर त्यातलं थोडं उरलं असतानाच परत करा. अजून शब-ए-बरात जवळ आली की व्हरांड्यात पावलं वाजतात आणि मला वाटतं, तीच आली. तिला काय देऊ? मी तर तळापर्यंत आरपार दिसते.