साइट उठवणारी काळी पेटी

खोलीत पंधरा माणसं होती आणि पंख्याखेरीज कशाचाही आवाज येत नव्हता. टेबलाच्या मधोमध साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी ठेवलेली होती. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. पेटीमागे काळा टी-शर्ट घातलेला एक इसम डोळे मिटून, दोन्ही हात तिच्यावर धरून बसला होता.

"सगळे माझ्या पेटीला जोडले गेलात?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"हो, हो," सगळे एका सुरात म्हणाले.

"मनात शंका नको. आता उघडा."

पंधरा अंगठे पंधरा फोनवर टेकले. आणि काय सांगावं! सकाळपासून मेलेली साइट प्रत्येकाच्या फोनवर टवटवीत उघडली. "आली, आली!" असा एकच गलका झाला. वकीलसाहेब टाळ्या वाजवायला लागले. एका आजोबांनी तर नकळत हात जोडले आणि शेजाऱ्याने पाहिल्यावर घाईघाईने डोकं खाजवल्यासारखं केलं.

तुम्हाला वाटेल, हा कुठला तरी मठ असणार. छे हो! दारावर ठळक अक्षरांत पाटी होती: 'विवेकी विचार मंडळ – चमत्कार दाखवा, बक्षीस मिळवा'. गेली कित्येक वर्षं ही मंडळी बुवाबाबांची पितळं उघडी पाडत होती. आणि मंडळाचे अध्यक्ष होते पुरावा सर.

सर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं, कारण जो तो त्यांना पुरावा सरच म्हणायचा. "भाजीत मीठ जास्त पडलंय," असं बायको म्हणाली तरी हे विचारणार, "पुरावा?" मग ती माउली चमचाभर भाजी त्यांच्या तोंडात कोंबायची. रिकाम्या मुठीतून राख कशी काढतात, कागद आपोआप कसा पेटवतात, हे सगळं सर व्यासपीठावर करून दाखवत. अशा माणसाला कोण फसवणार? निदान सरांचं स्वतःबद्दल असंच मत होतं.

आता ही साइटची काय भानगड, तेही सांगतो. मंडळाने कचेरीतला फोन केव्हाच काढून टाकला होता. बाबाच्या तावडीत सापडलेल्या माणसाने मदत मागायची तर ती साइटवरच्या 'मदत हवी' या पानावरून. साइट ज्या कंपनीच्या जागेत भाड्याने राहत होती ती कंपनी दुकान गुंडाळायला निघाली, म्हणून मंडळाने दुसऱ्या कंपनीकडे जागा घेतली. नाव तेच, बिऱ्हाड नवं. नव्या कंपनीने रविवारी सगळा संसार हलवला आणि जुन्या नावाला नवा पत्ता जोडून दिला. सोमवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत साइट उघडली, तर पडद्यावर फक्त एक ओळ: 'हे खाते बंद आहे.'

सरांना आधी आठवलं ते 'मदत हवी' हे पान. त्याला कारण होतं. शनिवारी एका बाईने लिहिलं होतं, 'माझ्या मुलीला झटके येतात. बाबांनी तिची गोळी बंद करायला लावली आहे. सासूबाई ऐकत नाहीत. घरात कळू नये म्हणून आत्ता नंबर देत नाही. उद्या दुसऱ्या फोनवरून लिहिते.' ना नाव, ना गाव. मंडळातल्या डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "झटक्याची गोळी अशी एकदम बंद करतात का? जिवावर बेतेल पोरीच्या! सर, या बाईचा पत्ता लागलाच पाहिजे." आणि नेमका तोच दरवाजा आता बंद!

सरांनी तडक कंपनीला फोन लावला.

"सर, आमच्याकडे तर साइट छान दिसतेय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तुम्ही एकट्या सांगताय. इथे आम्ही पंधरा जण आहोत. पंधराच्या पंधरा फोनवर बंद! पुरावा कोणाच्या बाजूला आहे, बोला?"

"सर, तुमचा राउटर एकदा बंद करून चालू करता का? त्याच्या डोक्यात जुना पत्ता अडकला असेल."

राउटर म्हणजे इंटरनेट घरभर वाटणारा तो डबा. मंडळाचा राउटर कपाटावर होता आणि त्याच्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी डकवली होती: 'बंद करू नये.' कोणी लिहिली, का लिहिली, कोणाला ठाऊक नव्हतं. सरांनी हात पुढे केला, तोच वकीलसाहेब ओरडले, "अहो, हात नका लावू! वर लिहिलंय ना! काही कारण असेल म्हणूनच लिहिलंय ना कोणीतरी?" आणि पुरावा सरांनी, खोटं सांगत नाही, हात मागे घेतला.

दुपारी वकीलसाहेबच हा काळ्या टी-शर्टवाला घेऊन आले. "माझ्या मेव्हण्याची मेलेली साइट यांनीच उठवली," म्हणाले. गडी भगव्या कपड्यांत असता तर मंडळाने दारातच त्याची गचांडी धरली असती. पण गळ्यात माळेऐवजी हेडफोन होते. सगळे त्याला 'तज्ज्ञ' म्हणायला लागले.

"नाव म्हणजे आत्मा आणि सर्व्हर म्हणजे देह," तज्ज्ञ म्हणाला. "तुमचा आत्मा जुन्या देहातून सुटलाय, नव्या देहात अजून शिरलेला नाही. मध्येच लटकलाय. माझी ही पेटी त्याला धरून ठेवते."

कोणा बाबाने हे वाक्य उच्चारलं असतं तर सरांनी त्याच्यावर दोन तासांचं व्याख्यान ठोकलं असतं. पण 'सर्व्हर' हा शब्द ऐकून त्यांनी मान डोलावली. पुढचा प्रकार तुम्ही वर वाचलाच. साइट उठली. मंडळी 'मदत हवी' पान बघायला धावली, तर तज्ज्ञाने हात वर केला.

"आत्ता नुसतं दर्शन. आतल्या टपालाला हात लावू नका, साइट नाजूक आहे. आणि घरून चोरून उघडून बघायचं नाही. जितक्या वेळा बघाल तितकी ती बिचकते. ज्याच्या मनात शंका, त्याला सगळ्यात शेवटी दिसेल."

मग त्याने पेटी खिशात घातली, आणि साइट गेली. पुन्हा तेच, 'हे खाते बंद आहे.' पेटी कायमची हवी असेल तर वर्षाचा करार करावा लागेल, असं सांगून तज्ज्ञ निघून गेला.

घरी जेवताना सरांचा अंगठा दोनदा फोनकडे वळला. दोन्ही वेळा त्यांनी तो आवरला.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"साइट बिचकते," सर पुटपुटले.

"काय?"

"काही नाही. भाजी वाढ."

मंगळवारी मात्र सरांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. "असं आंधळेपणाने नाही चालायचं. मी प्रयोग करणार!" त्यांनी तज्ज्ञाला पेटी चालू करायला लावली. साइट दिसली. बंद करायला लावली. साइट गेली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. शंकेला जागाच उरली नाही. सरांनी कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या सहीने लिहून दिलं, 'सदर पेटीचा प्रभाव मी काटेकोर प्रयोगाने पडताळला आहे.' तज्ज्ञाने तो कागद डोळ्यांना लावायचाच काय तो बाकी ठेवला. उभ्या आयुष्यात त्याला इतकं गोड गिऱ्हाईक भेटलं नसावं. बाकीच्यांना भुलवावं लागायचं. इथे गिऱ्हाईक स्वतःच स्वतःला शास्त्रीय पद्धतीने भुलवत होतं.

बुधवारी करारावर सह्या व्हायच्या होत्या. पेटी टेबलावर, तज्ज्ञ पेटीमागे, मंडळी भोवती. सरांनी पेनचं टोपण काढलं आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला. तिने आतला देखावा पाहिला. डोळे मिटून बसलेला इसम, मधली पेटी, गप्प बसलेले पंधरा भाविक. ती दोन पावलं मागे सरकली.

"माफ करा हं, चुकले वाटतं," ती म्हणाली. "मला वाटलं, इथे बाबा नसतात."

सर कसेबसे उठले. "या, या. हेच मंडळ. कोण पाहिजे तुम्हाला?"

"मी शनिवारी लिहिलं होतं. मुलीच्या गोळीबद्दल."

डॉक्टरबाई खुर्ची सरकवून ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, कुठे होतात तुम्ही? आम्ही जीव टांगणीला लावून तुमची वाट बघतोय!"

"मी कुठे होते?" बाईचा आवाज चढला. "रविवारी लिहिलं, नंबर दिला. सोमवारी दोनदा लिहिलं. काल लिहिलं. तुमच्याकडून चकार शब्द नाही! काल संध्याकाळी पोरीला पुन्हा झटका आला, मग मात्र साइटवरचा पत्ता बघितला आणि आले दोन बस बदलून."

"पण साइट तर बंद आहे," सर म्हणाले.

"बंद? मग ही काय आहे?" तिने फोन पुढे केला. साइट उघडी होती. नवी, टवटवीत, तळाशी मंडळाचा पत्ता.

"पेटीचा प्रभाव!" तज्ज्ञाने लगेच डोळे उघडले. "बघा, कुठवर पोचला!"

बाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "माझ्या फोनला माझ्या खिशातल्या पैशांचं इंटरनेट आहे, भाऊ. आणि घरी मी रविवारपासून बघतेय ही साइट. तुमची ही पेटी तेव्हा कुठे होती?"

पेटी सोमवारी दुपारी आली होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

डॉक्टरबाईंना पेटीशी घेणंदेणं नव्हतं. त्या विचारत होत्या, "गोळी कुठली? कधीपासून बंद? शुद्ध आली ना तिला? आत्ता कोण आहे तिच्याजवळ?" बाईने सासूपासून लपवलेलं गोळ्यांचं पाकीट पिशवीतून काढलं. डॉक्टरबाईंनी मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. "आजच सुरू करायचंय, मी स्वतः जातेय," एवढं बोलून त्या बॅग घ्यायला धावल्या.

सरांच्या कानांतून वाफा निघत होत्या. ते कपाटापाशी गेले, 'बंद करू नये' ही चिठ्ठी टर्रकन फाडली आणि राउटरचं बटण बंद केलं.

"अहो सर!" वकीलसाहेब किंचाळले.

काही झालं नाही. छत कोसळलं नाही. सरांनी बटण पुन्हा चालू केलं, टेबलावरची पेटी उचलून बंद केली आणि म्हणाले, "आता सगळे आपल्या राउटरवर या. उघडा."

पंधराच्या पंधरा फोनवर साइट उघडली.

सरांनी पेटीचं झाकण नखाने उचकटलं. आत फोनमध्ये असतं तसंच एक सिमकार्ड. बस, एवढाच तो आत्मा! "आपल्या राउटरच्या डोक्यात जुन्या बिऱ्हाडाचा पत्ता अडकला होता," सर म्हणाले. "म्हणून या खोलीतले सगळे जुन्या घरी जाऊन बंद दार बघत होते. ही पेटी म्हणजे बाजारात मिळणारं दुसरं इंटरनेट. तिला नवा पत्ता माहीत होता. सगळ्या जगालाच माहीत होता. साइट एक मिनिटही बंद नव्हती हो! आम्ही पंधरा जण एकाच भोकातून बघत होतो आणि मी त्याला पंधरा पुरावे समजलो. ती कंपनीतली पोरगी खरं सांगत होती आणि मी तिला बहुमताने हरवलं!"

"माझ्या पेटीनेच तुमच्या राउटरला शक्ती दिली…" तज्ज्ञ सुरू झाला.

"गप रे," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी कराराचे तुकडे केले. तज्ज्ञाने पेटी उचलून काढता पाय घेतला. सरांचं प्रमाणपत्र तेवढं तो विसरला नाही. ते तो अजूनही गिऱ्हाइकांना दाखवतो म्हणे, आणि सर म्हणतात, भोगतो आहे.

डॉक्टरबाईंबरोबर सरही बाईच्या घरी गेले. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, मलूल. सासूबाई दारातच आडव्या आल्या.

"गोळीबिळी काही नाही! बाबांनी हात फिरवला आणि आठ दिवस झटका आला नव्हता. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. आमचे बाबा खोटे कशावरून?"

एरवी सरांनी इथे मेंदू, नसा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन यांवर तोफ डागली असती आणि सासूबाईंनी दार लावून घेतलं असतं. पण आज त्यांच्यात तो तोरा उरलाच नव्हता. ते पायरीवर बसले.

"आजी, मी पण माझ्या डोळ्यांनीच पाहिलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी पेटीची सगळी कथा सांगितली. हात कसा मागे घेतला, जेवताना अंगठा कसा आवरला, प्रमाणपत्र कसं लिहून दिलं. काही म्हणता काही लपवलं नाही. "आणि त्या पायी तुमच्या सुनेची चार पत्रं माझ्या नाकाखाली पडून राहिली. काल पोरीला झटका आला, त्यात माझाही वाटा आहे. आठ दिवस झटका आला नाही, ते आधी पोटात गेलेल्या गोळ्यांमुळे असेल, असं या डॉक्टरबाई म्हणतात. बाबा त्याच आठ दिवसांवर आपलं नाव लावून बसलाय."

सासूबाई दारातून एक पाऊल पुढे आल्या. "तुम्ही मास्तर ना?"

"हो."

"लोकांना हेच शिकवता ना, की फसू नका?"

"हो."

"आणि डबीला फसलात?"

"फसलो, आजी."

"मग माझ्यासारख्या बाईला काय मेलं कळणार होतं!" त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पदराने डोळे पुसत त्या आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. तो त्यांनी सुनेच्या नव्हे, नातीच्या हातात दिला. "घे बाई. डॉक्टरीण देतेय ती गोळी घे."

मुलीने गोळी घेतली. ती आता शाळेत जाते.

तेव्हा मंडळी, एवढंच सांगणं. कोणी चमत्कार दाखवला तर त्याच खोलीतल्या पंधरा जणांना विचारू नका. बाहेर जा आणि ज्याचा त्या खोलीशी काही संबंध नाही अशा एकाला विचारा. ज्याला हात लावू नका म्हणतात, त्याला का हात लावायचा नाही, हे आधी विचारा. आणि डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, मग सांगणारा भगव्यात असो, काळ्या टी-शर्टात असो, की विवेकी विचार मंडळाचा अध्यक्ष असो.